आधी सासऱ्यांचं रक्त तपासा, नोकरीचं नंतर बोलू

प्रिय ताई,

मी कोथरूडला राहते. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाल्यावर पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागले. क्यू फीवरच्या जिवाणूवर, म्हणजे कॉक्सिएला बर्नेटीवर आमचं काम चालतं. गाभडलेल्या शेळ्यांच्या वारेचे, दुधाचे, रक्ताचे नमुने येतात. ते उघडायचे, डीएनए काढायचा, पीसीआर लावायचं, हे माझ्याकडे आहे. मला आता गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. गाइड मॅडमना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर प्रकल्पातून काढतील, पेपरवरचं नाव जाईल, अशी धास्ती वाटते. सासूबाई म्हणतात, "असली रोगजंतूंची नोकरी सोड आणि गावी ये. मोकळी हवा आहे, घरचं दूध आहे, आराम कर." गाव जुन्नर तालुक्यात, घरी दहा-पंधरा शेळ्या आहेत. नवरा म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. ऑस्ट्रेलियात या रोगाची लस मिळते म्हणे, ती मागवता येईल का? की नोकरीच सोडू?

ता. क. दोन महिन्यांपूर्वी गावी दोन शेळ्या गाभडल्या. सासऱ्यांनीच सगळं निस्तरलं. पुढे तीनेक आठवड्यांनी त्यांना ताप आला, आठवडाभर राहिला. व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, उतरला. त्यांची हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे सासूबाई आधीच घाबरून असतात. म्हणून मी तो विषय काढत नाही.

— एक वाचक, कोथरूड

———

तुमचं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी तुमच्या ताज्या कलमावर थांबले. नोकरीचा, लसीचा, सासूबाईंचा प्रश्न आठवडाभर थांबला तरी चालेल. हा थांबणार नाही.

शेळी गाभडली, वार आणि मेलेलं करडू सासऱ्यांनी हातानं उचललं, तीन आठवड्यांनी ताप आला. क्यू फीवरचा जिवाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात, हे तुम्ही रोजच्या कामात वाचता. तोच हिशेब घरच्या माणसाला लावायला मन धजत नाही, हे मी समजू शकते. पण आता तो लावायलाच हवा. ताप आपोआप उतरला यानं काही सिद्ध होत नाही, कारण क्यू फीवरचा तापही पुष्कळदा आपोआप उतरतो. निम्म्या लोकांना तर लागण होऊनही काहीच जाणवत नाही. बहुतेकांचं प्रकरण तिथेच संपतं. थोड्या जणांत मात्र हा जिवाणू शरीरात टिकून राहतो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, हृदयाच्या झडपेवर घर करतो. ज्यांची झडप आधीच खराब आहे किंवा बदललेली आहे त्यांना हा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. वेळेवर कळलं नाही तर हा आजार जीवघेणा ठरतो. वेळेवर कळला तर डॉक्सीसायक्लिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे जोडऔषध दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ घेऊन तो आटोक्यात ठेवता येतो.

तेव्हा या आठवड्यातच सासऱ्यांना पुण्याला आणा आणि ज्या हृदयरोगतज्ज्ञांकडे ते जातात त्यांना दाखवा. "ताप येऊन गेला" एवढंच सांगू नका. शब्द असे वापरा: झडप बदललेली आहे, शेळ्या गाभडल्या होत्या, वार हातानं उचलली होती, तीन आठवड्यांनी ताप आला, क्यू फीवर आणि ब्रुसेलोसिस या दोन्हींची तपासणी हवी आहे. ब्रुसेलोसिसचं नाव मुद्दाम घालते आहे. आपल्याकडे शेळी गाभडली की त्या रोगाचा जिवाणू ब्रुसेला हा पहिल्या संशयितांपैकी एक असतो, तोही वारेतूनच माणसाला लागतो आणि झडपेवरही बसू शकतो. नक्की क्यू फीवरच झाला असेल असं मी म्हणत नाही. काहीच निघालं नाही तर उत्तमच.

तपासणीत दोन ठिकाणी हमखास चकवा बसतो, तो तुम्हाला माहीत असला तरी सोबत जाणाऱ्या तुमच्या नवऱ्याला समजावून ठेवा. एक, साधं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, निगेटिव्ह येईल. कॉक्सिएला पेशीच्या आतच वाढतो. पेशींशिवाय नुसत्या माध्यमावर तो वाढवणं २००९ पर्यंत कुणालाच जमलं नव्हतं, आणि जमलं ते आम्लधर्मी माध्यम आणि अवघा अडीच टक्के ऑक्सिजन देऊन. दुसरं, तालुक्याच्या ठिकाणी अशा तापाला वाइल-फेलिक्स ही रक्तचाचणी लावतात. स्क्रब टायफस या दुसऱ्या तापासाठी ती थोडीफार उपयोगी पडते, क्यू फीवरमध्ये ती निगेटिव्हच येते. इथे लागते ती जिवाणूच्या फेज एक आणि फेज दोन अशा दोन्ही रूपांविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी. ताज्या आजारात फेज दोनविरुद्धची प्रतिपिंडं आधी आणि जास्त दिसतात. फेज एकची पातळी चढू लागली की रोग मुरतो आहे अशी शंका घ्यायची. म्हणून एक नमुना पुरत नाही. आज एक, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, आणि पहिला पॉझिटिव्ह आला तर पुढे दोनेक वर्षं ठराविक अंतरानं. गल्लीतल्या लॅबमध्ये हे होत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागामार्फत नमुना बाहेर पाठवावा लागतो. कुठे पाठवायचा हे पुण्यात जर कुणाला नेमकं माहीत असेल तर तुमच्या गाइड मॅडमना. त्यांच्याशी बोलायचं हे पहिलं कारण. (वाचकांपैकी बरेच जण अशा वेळी पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं नाव घेतात. तिथलं काम विषाणूंवरचं आहे, आणि हा जिवाणू आहे.)

आता सासूबाईंच्या सल्ल्याकडे येते. त्यांचं म्हणणं मायेचं आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पहिलटकरणीला घरी आणावं, तिला दूधतूप घालावं, डोळ्यांसमोर ठेवावं, असं कुणाही सासूला वाटावं. पण त्या तुम्हाला जिथे बोलावताहेत ते घर आज तुमच्या प्रयोगशाळेपेक्षा धोक्याचं आहे. हे मी विचार करून लिहिते आहे.

या जिवाणूची सगळ्यात मोठी खाण म्हणजे लागण झालेल्या शेळीची वार. एका ग्रॅममध्ये शंभर कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात, आणि माणसाला लागण व्हायला दहाच्या आतले पुरतात. वार वाळते, तिचा अंश लेंड्यांत, गवतात, मातीत मिसळतो आणि झाडलोट केली की धुळीबरोबर उडतो. ऊन, वारा, कोरडेपणा यांना हा जिवाणू सहज दाद देत नाही. लोकरीत, धुळीत तो महिनोन्‌महिने जगतो. सौम्य फिनाईल शिंपडून गोठा निर्मळ झाला असं मानता येत नाही. तो लागतो मुख्यतः श्वासातून, त्यामुळे "मी शेळ्यांना हात लावणार नाही, नुसती ओसरीवर बसेन" या वाक्यात सुरक्षितता नाही. २००७ ते २०१० या काळात नेदरलँड्समध्ये याची प्रचंड मोठी साथ आली, चार हजारांवर रुग्णांची नोंद झाली. दुधासाठी पाळलेल्या शेळ्यांच्या मोठ्या कळपांत गर्भपात होत होते आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं आजारी पडत होती. त्यांतल्या कितीतरी जणांनी शेळीला कधी हातही लावला नव्हता. एका लागण झालेल्या फार्मभोवती अभ्यास झाला, तेव्हा दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना पाच किलोमीटरपलीकडच्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त धोका दिसला. शेवटी पन्नास हजारांहून अधिक गाभण शेळ्या मारून टाकाव्या लागल्या. तुमच्या घरच्या दहा-पंधरा शेळ्यांची आणि तिथल्या हजारांच्या कळपांची बरोबरी मी करत नाही. पण तुम्ही राहणार त्या घराच्या भिंतीला लागून गोठा असेल, नुकत्याच दोन शेळ्या गाभडल्या असतील आणि उरलेल्या कधी व्यायच्या ते ठाऊक नसेल, तर गरोदर बाईनं तिथे मुक्कामाला जाऊ नये. बाळंतपण होईपर्यंत नाही.

तुम्ही त्या दिवसांत गावी गेला होतात का, हे लिहिलेलं नाहीत. गेला असाल तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आजच सांगा आणि स्वतःचंही रक्त तपासून घ्या. गेला नसाल तरी, कामावर नमुने उघडत होतात म्हणून, एक आधारपातळीचा नमुना आता देऊन ठेवणं शहाणपणाचं. पुढे कधी ताप आला तर तुलना करायला तोच उपयोगी पडेल.

पोटातल्या बाळाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. पण रात्री झोप येत नसेल ती त्यामुळेच, असं मी धरून चालते. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी जमवलेल्या रुग्णांत, गरोदरपणात क्यू फीवर होऊन उपचार न मिळालेल्या बायकांमध्ये गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती असे प्रकार बरेच दिसले. नेदरलँड्समध्ये साथीच्या भागातल्या गरोदर बायकांची रक्तं मोठ्या संख्येनं तपासली, तेव्हा प्रतिपिंडं असणाऱ्या आणि नसणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांत तसा ठळक फरक आढळला नाही. म्हणजे धोका आहे, तो गंभीरपणे घ्यायचा, पण रक्तात काही निघालं म्हणून बाळ गेलं असं अजिबात नाही. उपचारही आहेत. डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात टाळतात, त्याऐवजी कोट्रायमोक्साझोल देतात आणि जोडीला फॉलिक ॲसिड. कुठलं औषध, किती दिवस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तुम्हाला आज ताप नाही, त्रास नाही. औषधाचा प्रश्नच आज नाही.

लसीचं थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून माणसांसाठी लस आहे, कत्तलखान्यातले कामगार, पशुवैद्य, मेंढपाळ ती घेतात. ती देण्याआधी त्वचेची आणि रक्ताची चाचणी करावी लागते, कारण ज्याचा या जिवाणूशी आधीच संबंध आला आहे त्याला लस दिली तर जबर प्रतिक्रिया येऊ शकते. ऑस्ट्रेलियाबाहेर माणसांसाठी तिला परवानगी नाही, आणि गरोदर बाईला ती देण्याची शिफारसही नाही. हा विचार सोडून द्या.

आता तुमचं काम. नोकरी सोडू नका. फक्त वारेचे नमुने उघडणं आजपासून बंद करा. उद्यापासून म्हणत नाही, आजपासून.

या जिवाणूच्या इतिहासात प्रयोगशाळेतली लागण पहिल्या दिवसापासून आहे. १९३५ मध्ये ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांना न कळणारा ताप येऊ लागला, तो एडवर्ड डेरिक यांनी नोंदवला. मेलबर्नला मॅकफार्लेन बर्नेट आणि मॅविस फ्रीमन यांनी त्यातला जंतू ओळखला. त्याच सुमाराला अमेरिकेत मोंटानामध्ये हेराल्ड कॉक्स आणि गॉर्डन डेव्हिस नाइन माईल भागातल्या गोचिडांतून निघालेल्या एका जंतूवर काम करत होते. १९३८ मध्ये रोला डायर हे वरिष्ठ शास्त्रज्ञ कॉक्स यांची प्रयोगशाळा पाहायला गेले आणि तापानं आजारी पडले. त्यांच्या आजारामुळेच दोन खंडांतले ते दोन जंतू एकच आहेत हे जुळलं. म्हणून आज जिवंत कॉक्सिएला वाढवायचा तर तिसऱ्या दर्जाची जैवसुरक्षा लागते.

तुमच्याकडे जिवाणू वाढवत नसतील, नुसतं निदान करत असतील, असं पत्रावरून दिसतं. तरी वार कापणं, ढवळणं, सेंट्रिफ्यूज करणं यांत सूक्ष्म तुषार उडतात. हे काम सुरक्षा कॅबिनेटमध्ये, एन-९५ मास्क घालून होतं ना? उघड्या टेबलावर होत असेल तर ते गरोदर असो-नसो, कुणीच करता कामा नये, आणि ते संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या कानावर गेलंच पाहिजे. ॲप्रन घरी धुवायला आणत असाल तर तेही बंद. माणसाकडून माणसाला हा रोग क्वचितच जातो, पण कपड्यांवरून जातो.

पण प्रकल्प म्हणजे नुसती वार कापणं नव्हे. जंतू मारून डीएनए वेगळा काढल्यानंतरचं सगळं काम तुम्ही करू शकता: आयएस ११११ या जिवाणूच्या डीएनएतल्या खुणेच्या तुकड्याचं पीसीआर लावणं, डीएनएचे अनुक्रम जुळवणं, कोणत्या तालुक्यातून किती नमुने पॉझिटिव्ह आले त्याचे तक्ते, नकाशा, लेखन. मला विचाराल तर आपल्याकडच्या क्यू फीवरच्या कामात हीच बाजू लंगडी असते. नमुने गोळा होतात, फ्रीजर भरतो, आणि लिहायला कुणाला सवड नसते. जो माणूस नमुना कुठल्या गोठ्यातून आला हे जाणतो आणि तक्ताही नीट मांडतो, त्याला कुठलाही शहाणा गाइड हातचा घालवत नाही.

गाइड मॅडमकडे जाल ते रडवेल्या चेहऱ्यानं जाऊ नका. एका कागदावर लिहून न्या: मी गरोदर आहे, अमुक कामं आजपासून करणार नाही, अमुक करेन, नमुने उघडण्याचं काम अमुक सहकाऱ्याला शिकवून देईन, रजेवर जाण्याआधी एवढे तक्ते पुरे करेन. पेपरवरच्या नावाचं त्याच बैठकीत स्पष्ट बोला आणि बोलणं झाल्यावर दोन ओळींचा ईमेल पाठवा. संकोच वाटेल, पण लेखी असलेलं बरं. मॅडम रागावल्या तर? रागावतील कदाचित, पण त्या रागावतील त्या उशिरा सांगितल्याबद्दल. त्यांच्या प्रयोगशाळेत गरोदर मुलगी महिनाभर वार कापत होती, हे त्यांना बाहेरून कळलं तर त्यांची बाजू फार अवघड होईल. आणि एवढं सांगूनही त्यांनी काढूनच टाकलं, तर त्या प्रयोगशाळेत पुढची वर्षं काढण्यात तुमचा फायदा नव्हता. तसं झालं तर पुन्हा लिहा, पुढचा मार्ग शोधू.

सासूबाईंशी मात्र तुम्ही बोलू नका. तुमच्या नवऱ्यानं बोलायचं. "तुला योग्य वाटेल ते कर" हे ऐकायला समंजस वाटतं, पण त्यात सगळं ओझं तुमच्या डोक्यावर राहतं. त्याची आई आहे, त्याचे वडील आहेत, त्याचं बाळ आहे. त्यानं गावी जाऊन सांगावं: "आई, शेळ्या गाभडल्या त्या रोगाचा संशय आहे. बाबांना तपासायला नेतोय. ती इथे येणार नाही, तूच पुण्याला ये." त्यांना कोथरूडला बोलवा, महिनाभर राहू द्या. येताना अंगावरचे गोठ्यातले कपडे, चपला तिथेच ठेवायच्या. डोहाळजेवण पुण्यात करा, गावचे पाहुणे इथे येऊ देत. जी माया त्या गावी दाखवणार होत्या ती इथे दाखवतील, आणि सासऱ्यांच्या तपासण्यांच्या वेळी घरात मोठं माणूस असेल.

दुधाबद्दल त्या नक्की विचारतील. गावाहून शेळीचं दूध आणलं तर ते खळखळून उकळून घ्यायचं, मग काही भीती नाही. पाश्चरीकरणाचं तापमान ठरवताना जगभर हाच जंतू डोळ्यांपुढे ठेवला गेला: ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद. चुलीवरची उकळी त्याच्या पुष्कळ पुढे जाते. चिकाचा खरवसही मध्यापर्यंत पक्का वाफवलेला असेल तर खा. निरसं दूध मात्र कुणीच पिऊ नका. पुण्यात दर डेंग्यूच्या हंगामात शेळीचं कच्चं दूध शोधत माणसं फिरतात, प्लेटलेट वाढतात म्हणून. आधीच खंगलेल्या रुग्णाला निरसं दूध पाजून ब्रुसेलोसिसचा धोका विकत घ्यायचा, हे पाहून मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या घरी ही पद्धत आहे त्यांनी ती कृपा करून थांबवावी.

राहता राहिला गोठा. ज्या दोन शेळ्या गाभडल्या त्या वेगळ्या बांधायच्या आणि पुढची शेळी व्यायला आली की सासऱ्यांनी तिथे जायचंच नाही. जो कुणी जाईल त्यानं हातमोजे आणि एन-९५ मास्क घालायचा, वार कुत्र्यापुढे किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरायची, कोरडं झाडायचं नाही, आधी पाणी मारायचं. लेंड्यांचं खत नीट कुजल्याशिवाय वाऱ्याच्या दिवशी शेतात पसरू नये. शेळ्यांची तपासणी करून घ्यायला तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना सांगा, ते नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात. डॉक्टर घरी यायला हवे असतील तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन लावा. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्या शेळ्या बाजारात नेऊ नका, अगदी चांगला भाव मिळत असला तरी. त्या ज्या घरी जातील तिथेही एखादी सून गरोदर असू शकते.